न विचारता प्यायलेले पाणी

सिंहतोरण नगरावर चंडसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने हत्तीचा जन्म घेतला होता, आणि तोही त्याच राजाच्या हत्तीशाळेत. काजळासारख्या रंगामुळे त्याला अंजन म्हणत. तो उंच होता, शांत होता, आणि त्याच्या चालण्यात एक डौल होता. त्यामुळे त्याला राज्याचा मंगलहत्ती नेमले गेले. त्याच्या मस्तकावर सोन्याची जाळी चढली, सुळ्यांना कडी आली आणि पाठीवर जरीची झूल पडली. तिंबरू नावाचा म्हातारा माहूत त्याची सेवा करी. रोजच्या सहवासाने त्याला अंजनची भाषा कळत असे.

चंडसेनाच्या राज्याला लागून काही लहान देश होते. ते त्याचे नव्हते. त्याच्या बापाने ते जिंकलेले नव्हते आणि त्यांच्यापैकी कोणी आपण होऊन त्याच्याकडे आश्रयाला आलेला नव्हता. तरी सज्जात उभा राहून तो तिकडे हात करी आणि पाहुण्यांना सांगे, "ते सगळं आमचं अंगण." त्या देशांतल्या माणसांना आपण कोणाच्या अंगणात राहतो हे ठाऊकच नव्हते. आपण आपल्या घरात राहतो, अशी त्यांची समजूत होती.

हे देश लढून घ्यावेत तर युद्धात आपलीही माणसे मरतात आणि नाव खराब होते. म्हणून सुबंधन नावाच्या राजपुरोहिताने एक युक्ती काढली. त्या प्रदेशात एकाने तोंड लावलेले पाणी दुसरा पीत नसे. ही साधी घरगुती रीत सुबंधनाने ताणून राज्याएवढी केली. तो सभेत म्हणाला, "मंगलहत्ती म्हणजे राजाचंच रूप. हत्ती प्याला म्हणजे महाराज प्याले. तो ज्या देशाच्या तळ्यात उतरून पाणी पिईल, ते तळं महाराजांचं उष्टं. त्या तळ्यावर जगणारा देश महाराजांच्या उष्ट्यावर जगतो. अशा देशानं दुसऱ्या कोणाच्या पंगतीला बसायचं नाही, दुसऱ्या कोणाला आपल्या पंगतीला बसवायचं नाही."

सभेने माना हलवल्या. चौकाचौकांत दवंडी पिटली गेली, "हत्ती प्याला म्हणजे महाराज प्याले हो."

घरात एखादे हावरे पोर ताटातल्या सगळ्या लाडवांना जीभ लावून ठेवते, म्हणजे भावंडांना खाता येऊ नयेत. त्या पोराच्या पाठीत आई धपाटा घालते. चंडसेनाने तेच केले, तेव्हा त्याला राजनीती असे नाव मिळाले आणि ती शिकवणाऱ्याला गावे इनाम मिळाली.

पहिली पाळी कुमुद देशाची आली. अंजनला तिथे मिरवत नेले. वाट लांबची होती आणि ऊन कडक होते. कमळांनी भरलेले तळे दिसताच तो पाण्यात उतरला आणि पोटभर प्याला. काठावर शंख वाजले. आपण काय केले हे त्याला कळले नाही. तहान लागली होती, समोर पाणी होते, एवढेच त्याला ठाऊक होते.

पुढे एकदा राजाची मिरवणूक त्याच वाटेने गेली, तेव्हा त्याने पाहिले की तळ्याच्या काठी दगडी खांब उभा आहे आणि त्यावर त्याचेच चित्र कोरले आहे. खांबाशी सिंहतोरणचे भालाईत बसले होते. ज्या बाजारात पूर्वी चालायला जागा मिळत नसे, तिथे कुत्री लोळत होती.

"तिंबरू, इथली माणसं कुठं गेली?" अंजनने विचारले.

तिंबरूने भालाइतांकडे एकदा पाहिले. मग म्हणाला, "बाबा, बाहेरचे व्यापारी आता इथं येत नाहीत. येऊ देत नाहीत. इथल्या प्रमुखाची, त्या वृद्ध वप्पाची, नात पूर्वेकडच्या घरात द्यायची ठरली होती. महाराजांनी नको म्हटलं. मुलगी घरीच आहे. इथं कोतवाल कोण असावा हेसुद्धा आपल्याला विचारून ठरतं."

"का?"

"तू पाणी प्यालास म्हणून."

अंजनने त्या खांबाकडे पुन्हा पाहिले. त्या दगडी हत्तीची सोंड पाण्याकडे वळलेली होती. त्या दिवशी त्याने समोर टाकलेल्या उसाला तोंड लावले नाही.

आता याच प्रदेशात दुसरीही एक रीत होती, आणि ती उष्ट्याच्या रीतीहून जुनी होती. ज्याने ज्याच्या हातचे पाणी घेतले तो त्याचा पाहुणा. पाहुण्याने त्या घरावर शस्त्र उगारायचे नाही, आणि त्या घराच्या दारात आणखी कोण येते-जाते याची चौकशी करायची नाही. रानातले दरोडेखोरसुद्धा ही रीत पाळत. खुद्द चंडसेनही पाळत असे. त्याच्या मेव्हण्याने एका शेतकऱ्याच्या हातचे पाणी पिऊन नंतर त्याचेच घर लुटले, तेव्हा चंडसेनाने त्याला गाढवावर बसवून देशाबाहेर घालवले होते, आणि हे तो अभिमानाने सांगत असे. त्याच्यात एवढे चांगले होते. जे होते ते सांगितले पाहिजे.

कुमुदनंतर वेत्रवनाची पाळी आली. वेत्रवन हा वेताच्या रानांनी वेढलेला छोटा गण. तिथे राजा नव्हता. वडीलधारी माणसे एकत्र बसून कारभार पाहत, आणि त्यांच्या प्रमुखपदी कर्णिका नावाची विधवा होती. नवरा प्रमुख असताना निम्मा कारभार हीच पाहत होती, म्हणून तो गेल्यावर लोकांनी तिलाच त्याच्या जागी बसवले. वेत्रवनाची माणसे वेताच्या टोपल्या, सुपे, पेटारे विणत. नदीने ते पूर्वसागराच्या राज्यात जात आणि त्याच नावांतून मीठ परत येई. वेत्रवनात मीठ पिकत नव्हते. नावा बंद झाल्या तर चंडसेन देईल तेवढे आणि तो सांगेल त्या भावाने मीठ घ्यावे लागले असते, आणि मिठासाठी हात पसरणाऱ्याला पुढे सगळ्यासाठीच हात पसरावे लागतात, हे कर्णिकेने कुमुदकडे पाहून ओळखले होते.

चंडसेनाचा दूत आला आणि म्हणाला, "वैशाखात मंगलहत्ती तुमच्या तळ्यावर येईल. स्वागताची तयारी ठेवावी."

कर्णिका टोपलीचा काठ वळत बसली होती. तिने मान वर केली नाही. "तहानलेला असेल तर येऊ दे," ती म्हणाली. "तहानलेला नसेल तर एवढी पायपीट कशाला करतो?"

"हा महाराजांचा सन्मान आहे, बाई."

"असं. मग महाराजांना सांगा, आमच्याकडं सन्मान ठेवायला जागा नाही. घरं लहान आहेत."

दूताने हे जसेच्या तसे सांगितले नाही. तशी त्याची छाती नव्हती.

इकडे हत्तीशाळेत अंजनला ही बातमी कळली. त्याने मनाशी निश्चय केला. 'माझ्या तोंडाने एक देश गेला. दुसरा जाणार नाही. वेत्रवनाच्या तळ्याला मी सोंड लावणार नाही, मग प्राण गेले तरी चालतील.' त्याने हे तिंबरूला सांगितले. तिंबरूने त्याच्या पायाला मिठी मारली.

"बाबा, तुला मारतील रे."

"मारू देत. पण माझ्याकडून हे करवून घेऊ शकणार नाहीत."

हत्ती कुरकुर करतो आहे अशी कुणकुण सुबंधनाला लागली. त्याने हुकूम सोडला की प्रवासात हत्तीच्या चाऱ्यात मूठमूठ मीठ घालावे आणि त्याला पाण्याचा थेंबही दाखवू नये. पाण्याचा वास हत्तीला लांबून येतो, म्हणून मिरवणुकीत पाण्याच्या पखाली घ्यायलाही त्याने बंदी केली. राजासाठी तेवढी एक सुरई बरोबर घेतली. ज्या देशाला मिठावाचून वाकवायचे होते, त्याच देशाच्या वाटेवर हे लोक एका मुक्या जनावराला मीठ चारत निघाले. हे करताना कोणाचा हात आखडला असेल तर तो तिंबरूचा, दुसऱ्या कोणाचा नाही.

मिरवणूक वेत्रवनाच्या तळ्यापाशी पोहोचली तेव्हा दुपार झाली होती. राजासाठी छत्र उभारले गेले. आजूबाजूच्या देशांचे प्रमुख साक्षीला बोलावले होते. कुमुदचा वृद्ध वप्पाही आला होता. त्याला न येण्याची सोय नव्हती. पूर्वसागराच्या राजाचा दूतही आपल्या नावेतून उतरून एका बाजूला बसला होता. तळ्याच्या काठी वेत्रवनाची सारी माणसे गोळा झाली होती.

अंजनला पाण्याच्या काठाशी आणून उभे केले. त्याची जीभ टाळूला चिकटली होती. डोळ्यांच्या कडांना पांढरा थर धरला होता. पाण्यावरून वारा आला आणि त्याचे चारही पाय आपोआप पुढे सरकले. मग ते थांबले.

"चल," सुबंधन म्हणाला.

अंजन हलला नाही.

तिंबरूला अंकुश मारायला लावले. त्याने तो हलकेच टेकवला. सुबंधनाने दुसऱ्या माहुताला बोलावले. त्याने कानामागे अंकुश रुतवला तेव्हा रक्ताची धार झुलीवर उतरली. अंजन तसाच उभा राहिला. ऊन कलत गेले. राजाची सुरई रिकामी झाली.

अंजनला राग आला होता. पुरोहित त्याच्या सोंडेच्या टप्प्यात उभा होता. त्याला उचलून आपटायला एक क्षण पुरला असता, आणि जमलेल्यांपैकी निम्म्यांना त्याचे वाईट वाटले नसते. अंजनने त्याच्याकडे पाहिले. याला मारले तर याच्या जागी दुसरा येईल आणि खांब तसेच उभे राहतील, हे त्याला दिसत होते. त्याने सोंड आवळून तोंडाशी धरली, आणि राग तिच्यासारखाच आत आवळून ठेवला.

पूर्वसागराचा दूत हळूच कर्णिकेजवळ सरकला. "बाई, काळजी करू नका. हा हत्ती प्याला नाही, तर तुमचं तळं मोकळंच राहिलं. पुढच्या वर्षी आमच्या महाराजांचा घोडा पाठवू. एकदा तो प्याला की या चंडसेनाची हिंमत नाही तुमच्याकडं बघायची."

कर्णिकेने त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "आज ह्याचा हत्ती, उद्या तुमचा घोडा. आमचं तळं म्हणजे तुमच्या जनावरांची पाणपोई आहे का? मीठ आणता, टोपल्या नेता, तेवढंच करा. तेवढ्यात दोघांचंही बरं चाललंय."

तेवढ्यात अंजनचे पुढचे पाय दुमडले. तो गुडघ्यांवर आला. पाणी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि त्याने मान दुसरीकडे वळवली.

कर्णिकेच्या कमरेवर घागर होती. ती सकाळीच भरून आणलेली होती. तिने हत्तीकडे पाहिले आणि ती चालू लागली.

"माय, काय करतेस?" एक वेतकरी पुढे आला. "तो प्याला तर आपण बुडालो. त्याला पाडायलाच तर एवढं उन्हात बसलोय आपण."

"आपण कोणाला पाडायला बसलो होतो?" कर्णिकेने विचारले. "मी तर म्हणत होते, आपण आपल्या तळ्यासाठी बसलोय. तो मरतोय, नंदका. माझ्या हातात पाणी आहे. मी काय बघत राहू?"

"शत्रूचा हत्ती आहे तो."

"त्याचे डोळे बघ. मग सांग, कोणाचा आहे."

नंदक बाजूला झाला. कर्णिका हत्तीपाशी जाऊन बसली आणि तिने घागर त्याच्यासमोर तिरकी धरली. अंजनने सोंड मागे घेतली. सर्वांसमोर तो माणसाच्या वाणीने बोलला. "आई, मी प्यालो तर तुझा देश जाईल. मला असू दे."

"तळ्याला तू तोंड लावलं नाहीस, ते मी पाहिलं. हे तळ्यातलं तू घेत नाहीस, हे मी देते आहे. माझ्या घरी आलेला कोणी तहानेनं गेला, असं मला ऐकायचं नाही. पी."

अंजनने तिच्या डोळ्यांत पाहिले. मग त्याने सोंड पुढे केली, आणि तिने ओतलेले पाणी तो प्याला.

सुबंधन जागचा उठला. दिवसभराच्या उन्हाने आणि अपमानाने त्याचे भान राहिले नव्हते. दोन्ही हात वर करून तो सगळ्या प्रमुखांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "प्याला. सगळ्यांनी पाहिलं ना? साक्षी राहा. हत्ती प्याला म्हणजे महाराज प्याले."

कर्णिकेने रिकामी घागर खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि छत्राखाली बसलेल्या चंडसेनाकडे वळली.

"पुरोहित म्हणतात ते खरं का, महाराज? तुम्ही प्यालात?"

राजाने जमलेल्या प्रमुखांवरून नजर फिरवली. नाही म्हणावे तर आजवरची सारी दवंडी खोटी ठरत होती, कुमुद हातचे जात होते. तो म्हणाला, "प्यालो."

"कोणाच्या हातचं?"

चंडसेनाचा चेहरा उतरला. त्याच्या सेनापतीला ते त्याच्याही आधी कळले होते. राजाच्या मेव्हण्याला गाढवावर बसवताना तोच दोर धरून उभा होता. त्याने आपला भाला जमिनीवर आडवा ठेवला. त्याचे पाहून मागच्या रांगेनेही ठेवले.

"आलात, पाणी घेतलंत, बरं वाटलं," कर्णिका म्हणाली. "आता तुम्ही या घरचे पाहुणे. आमच्या नदीला कोणाच्या नावा लागतात, हे पाहुण्यानं विचारू नये."

सुबंधन चाचरत म्हणाला, "महाराज, हात तिचा असला तरी पाणी तर…"

"गप्प बस," चंडसेन म्हणाला.

मग काठीचा आधार घेत कुमुदचा वप्पा उठला. कितीतरी वर्षांत त्याने भरसभेत तोंड उघडले नव्हते. तो हत्तीसमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, तू आमच्याही तळ्यावर आला होतास. तेव्हा तुला पाणी कोणी दिलं होतं?"

"कोणी नाही, आजोबा," अंजन म्हणाला. "मी न विचारता प्यालो."

"न विचारता घेतलेल्याला काय म्हणतात?"

"चोरी म्हणतात. ती माझ्याकडून करवली गेली. चोरीवर हक्काचा खांब उभारता येत नाही. तुमच्या तळ्यावरचा खांब तुमचा नाही आणि तो माझाही नाही. तो काढून टाका."

वप्पाने मान हलवली. राजाचा निरोप न घेता, कोणाला काही न विचारता तो आपल्या माणसांना घेऊन चालू लागला.

चंडसेनाने हत्तीकडे पाहिले. त्याच्यावर शस्त्र चालवता येत नव्हते. आता तोच राजाचे रूप होता आणि तोच वेत्रवनाचा पाहुणा होता. "ह्याचे दागिने उतरवा," तो म्हणाला. "हा आमचा मंगलहत्ती नाही." सोन्याची जाळी निघाली, कडी निघाली, रक्ताने भिजलेली झूल ओढून काढली. उघडा, काळा, साधा हत्ती उरला. तिंबरूने आपला अंकुश त्या दागिन्यांच्या ढिगावर टाकला आणि तो अंजनच्या मागून वेताच्या रानात निघून गेला. त्याला कोणी अडवले नाही.

राजा रागाने तसाच परत फिरला. वेत्रवनात दुसऱ्यांदा पाणी घेणे त्याला अपमानाचे वाटले. मात्र पखाली बरोबर नव्हत्या, आणि त्या का नव्हत्या हे पुरोहिताला विचारण्यात अर्थ नव्हता. जवळचे दुसरे तळे कुमुदचे होते. तिकडे वळून पोहोचेपर्यंत त्याचे ओठ फुटले होते. तळ्याच्या काठी तो दगडी खांब उपटून आडवा टाकलेला होता, आणि त्याच्यावर वप्पा बसला होता. त्याच्या मांडीशी पाण्याचा तांब्या होता. खांबाशी नेमलेले भालाईत लांब उभे राहून पाहत होते.

चंडसेन घोड्यावरून उतरला. त्याने तळ्याकडे पाहिले, मग मागे उभ्या असलेल्या आपल्या सैन्याकडे पाहिले, मग त्या म्हाताऱ्याकडे. कुमुदच्या पाण्यासाठी त्याला आजवर कोणाला विचारावे लागले नव्हते.

"पाणी मिळेल का?"

"मिळेल की," वप्पा म्हणाला. "ओंजळ करा."

चंडसेनाने ओंजळ केली. त्याचे मन पालटले असे म्हणवत नाही. त्याला तहान लागली होती, एवढेच खरे. पण त्याने विचारले, दिलेले पाणी तो प्याला, आणि त्या दिवसापासून तो कुमुदचाही पाहुणा झाला. वप्पाची नात त्याच वर्षी पूर्वेकडच्या घरात नांदायला गेली.

जेतवनात भिक्षूंना ही कथा सांगून झाल्यावर शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा चंडसेन आज देवदत्त आहे, आणि त्याला खोटे शास्त्र रचून देणारा सुबंधन म्हणजे त्याचा साथी कोकालिक. कर्णिका ती आजची भिक्षुणी उप्पलवण्णा. कुमुदचा वप्पा हा सारिपुत्त, आणि ज्याचा हात मीठ घालताना आखडला तो तिंबरू हा आपला आनंद. अंजन हत्ती मीच होतो."

एका तरुण भिक्षूने विचारले, "भगवन्, पाणी हातभर अंतरावर होते. तेव्हा आपण काय केलेत?"

"मान वळवली," शास्ता म्हणाले. "हीच अधिष्ठान पारमिता, निश्चयाची परिपूर्णता. बलवान जेव्हा तुमच्याच तोंडाने दुसऱ्याचे घर उष्टे करायला निघतो, तेव्हा ते तोंड न उघडण्याचा निश्चय करावा, आणि तो ढळू देऊ नये."